छापील पुस्तक की ई-पुस्तक? कोकणातल्या घरासाठी निवड, वाटप आणि जतन

ई-पुस्तक घ्यावे की छापील, याची चर्चा बहुतेक वेळा किंमत, डोळ्यांवरचा ताण आणि कागदाची सवय यांच्याभोवती फिरते. कोकणात घर असलेल्या वाचकाला मात्र आणखी तीन गोष्टी हिशेबात धराव्या लागतात: जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस, ऐन वादळात जाणारी वीज, आणि एकाच कुटुंबातली निम्मी माणसे गावात तर निम्मी मुंबई-पुण्यात असणे. या तिन्ही गोष्टी लक्षात घेतल्या की सरसकट एका बाजूने कौल देता येत नाही. प्रत्येक पुस्तकापुरता वेगळा निर्णय घ्यावा लागतो आणि तो घेताना, माझ्या मते, पहिला प्रश्न ‘माझ्यानंतर हे कोण वाचणार?’ हा असावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नावर बेतलेल्या आहेत.

पहिली पायरी: घरातल्या वाचनाची यादी करा

एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरात घरात आलेली पुस्तके, दिवाळी अंक, मुलांची अभ्यासाची पुस्तके आठवतील तशी लिहून काढा. प्रत्येकासमोर ते किती जणांनी वाचले, सध्या कुठे आहे आणि पुन्हा उघडले जाईल का, एवढेच नोंदवा. यादी थोडी वाढली की तीन गट आपोआप दिसू लागतात.

पहिला गट हातोहात फिरणाऱ्या पुस्तकांचा असतो. कथासंग्रह, कादंबऱ्या, आत्मचरित्रे, पाककृतींची पुस्तके आणि दिवाळी अंक शेजारी मागून नेतात, माहेरपणाला आलेली लेक परत जाताना पिशवीत टाकते, गणपतीला किंवा शिमग्याला आलेले चाकरमानी गाडीत वाचायला घेऊन जातात. ही पुस्तके छापीलच घ्यावीत. दुसरा गट एकट्याने वापरण्याच्या पुस्तकांचा: स्पर्धा परीक्षांची पुस्तके, शब्दकोश, संगणकाची किंवा कायद्याची पुस्तके, आणि एकदा वाचून बाजूला पडणारे साहित्य. येथे ई-पुस्तक सोयीचे ठरते, कारण जागा वाचते, शोधता येते आणि तालुक्याच्या गावी पुस्तक येण्याची वाट पाहावी लागत नाही. तिसरा गट सांभाळून ठेवण्याच्या पुस्तकांचा, म्हणजे आजोबांची स्वाक्षरी असलेली प्रत, पोथ्या, गावाचा किंवा कुळाचा इतिहास. यांची छापील प्रत जपावी आणि शक्य असल्यास वाचण्यासाठी डिजिटल प्रत वेगळी ठेवावी, म्हणजे मूळ प्रत सारखी हाताळली जात नाही.

लहान मुलांच्या पुस्तकांबाबत मी तडजोड करणार नाही. ती छापीलच असावीत, कारण चित्रांचे पुस्तक तीन मुले एकत्र जमिनीवर पसरून पाहतात आणि फोन एकाच मुलाच्या हातात राहतो.

दुसरी पायरी: आपण नेमके काय विकत घेतो ते समजून घ्या

छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत आपल्या मालकीची होते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नव्या प्रती काढून लोकांत पोहोचवण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाकडे राहतो, पण एकदा विक्रीत आलेली प्रत पुढे देण्यावर, भेट देण्यावर किंवा जुनी म्हणून विकण्यावर त्यांचे नियंत्रण राहत नाही. वाडीतल्या दहा घरांत एक कादंबरी फिरली तर त्यात बेकायदा असे काहीही नाही.

ई-पुस्तकाच्या बाबतीत आपल्याला बहुधा फक्त वाचण्याचा परवाना मिळतो. फाईलवर डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या तंत्राचे, कुलूप असते आणि ती ठरावीक ॲपमध्ये, ठरावीक खात्यावरच उघडते. दुकान बंद झाले तर काय होते, याचे ठळक उदाहरण मायक्रोसॉफ्टचे आहे. त्या कंपनीने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. म्हणून ई-पुस्तक घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: फाईल कुलुपाविना मिळते का, एका खात्यावर किती उपकरणे चालतात, आणि रेंज नसताना उतरवून ठेवलेले पुस्तक उघडते का. तिसरी गोष्ट घरी फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकून लगेच तपासता येते आणि ती पहिल्याच पुस्तकाला तपासावी.

घरातल्या घरात ई-पुस्तक वाटून वाचायचे असेल तर एकाच कौटुंबिक खात्यावर खरेदी करावी आणि प्रकाशकाने ठरवलेल्या मर्यादेत आपली दोन-तीन उपकरणे त्या खात्याला जोडावीत. मुंबईत असलेल्या मुलाने घेतलेली कादंबरी गुहागरला आईच्या टॅबवर त्याच दिवशी उघडते, ही सोय छापील पुस्तकाला कधीच देता येणार नाही. मात्र खात्याला बँकेचे कार्ड जोडलेले असेल तर खरेदीला पासवर्ड लावण्यास विसरू नये.

तिसरी पायरी: वाचायचे साधन निवडा

नवे उपकरण घेण्याची घाई करू नये. हातातल्या फोनवर एक पूर्ण पुस्तक वाचून पाहावे आणि मग ठरवावे. फोनवर वाचताना मध्येच येणारे निरोप हा डोळ्यांच्या त्रासापेक्षा मोठा अडथळा आहे, असे मला वाटते. वाचताना सूचना बंद ठेवल्या तरी फरक पडतो.

रोज तासभर किंवा अधिक वाचणाऱ्याने ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या, पडद्याच्या वाचनयंत्राचा विचार करावा. या पडद्याला पान बदलतानाच वीज लागते, त्यामुळे बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते; पण कंपन्या हा हिशेब दिवसाला अर्धा तास वाचन धरून मांडतात, हे ध्यानात ठेवावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकल्यावर रायगड आणि दापोली-मंडणगड भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी फोन आधी निरोपासाठी आणि विजेरीसाठी राखून ठेवावा लागतो, वाचनासाठी नव्हे. वाचनयंत्राची बॅटरी लहान असते आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक ते अनेक वेळा भरू शकते. पुस्तके मात्र पावसाआधीच उतरवून ठेवलेली हवीत.

पाण्यापासून संरक्षण असलेली यंत्रे मिळतात, पण त्यांची चाचणी मुख्यतः गोड्या पाण्याची असते. समुद्राचे पाणी आणि खारा वारा चार्जिंगच्या खाचेला गंजवतो. किनाऱ्यालगतच्या घरात खाचेला रबरी बूच लावावे, ओल असेल तेव्हा चार्जर लावू नये आणि विजा चमकू लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा.

वयस्क वाचकांसाठी सात-आठ इंची टॅब माझ्या पाहण्यात सर्वांत उपयोगी पडतो. मोतीबिंदू असलेल्या किंवा चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाला छापील पुस्तकातले बारीक अक्षर वाचता येत नाही. तेच अक्षर बोटाने दुप्पट करता आले की बंद पडलेले वाचन पुन्हा सुरू होते. त्यांच्यासाठी आधी अक्षर मोठे करून, ओळींतले अंतर वाढवून, उजेड कमी करून द्यावा आणि शेवटचे वाचलेले पान ॲप आपोआप उघडते हे एकदा दाखवावे. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे, आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या दिव्यांगांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय चालते.

चौथी पायरी: फाईल आणि मराठी अक्षर तपासा

मराठी ई-पुस्तकांत निराशा होते ती बहुधा येथे. ई-पुस्तकाच्या फाईल मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ईपब फाईलमधला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो आणि अक्षर मोठे केले की ओळी नव्याने लागतात. पीडीएफमध्ये पान छापल्यासारखे स्थिर राहते; अक्षर मोठे केले की पान पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी डावी-उजवीकडे सरकावे लागते. सहा इंची यंत्रावर अशी पीडीएफ वाचणे जिकिरीचे आहे. ती वाचायचीच असेल तर समास कापण्याची सोय वापरावी, यंत्र आडवे धरावे, नाहीतर दहा इंची टॅबवरच उघडावी.

विकत घेण्यापूर्वी नमुन्याची पाने उतरवावीत आणि त्यांत ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘लक्ष्म्या’, ‘ज्ञानेश्वर’ यांसारखे जोडाक्षरांचे शब्द शोधावेत. रफार, अर्धा र किंवा वेलांटी भलत्या जागी दिसली तर पूर्ण पुस्तक तसेच निघेल. दुसरी परीक्षा शोधाची आहे. शोधचौकटीत पानावर दिसणारा एखादा शब्द टाकावा. तो सापडला तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आहे. सापडला नाही तर ते पानांचे छायाचित्र आहे किंवा जुन्या पद्धतीच्या फाँटमधून तयार केलेली पीडीएफ आहे. अशा फाईलमध्ये शोधता येत नाही, शब्दाचा अर्थ पाहता येत नाही आणि ती मोठ्याने वाचूनही दाखवता येत नाही, म्हणजे ई-पुस्तकाचे निम्मे फायदे तेथेच संपतात.

फाईलच्या आकाराकडेही पाहावे. केवळ मजकुराची ईपब कादंबरी साधारण एक-दोन एमबीत बसते आणि एका रेषेच्या रेंजवरही उतरते. पाने स्कॅन केलेली पीडीएफ शंभर एमबीच्या पुढे जाऊ शकते, तेव्हा ती शहरात वायफायवर उतरवून आणावी.

पाचवी पायरी: ई-पुस्तके रास्त मार्गाने मिळवा

विकतच्या मराठी ई-पुस्तकांसाठी बुकगंगा आणि ॲमेझॉनचे किंडल हे दोन रुळलेले मार्ग आहेत. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून मिळू लागली, आणि आपल्याजवळची कुलुपाविना असलेली ईपब फाईल २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ने त्यावर पाठवता येते. विनामूल्य साहित्यासाठी मराठी विकिस्रोत, ई-साहित्य प्रतिष्ठान, तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने पाहावीत. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो, आणि शालेय पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीने विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. पावसात दप्तर भिजले तर दुसऱ्या दिवशीचा अभ्यास त्यावर होतो.

कोणते पुस्तक मुक्तपणे वाटता येते, याचा नियम सोपा आहे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. सिंधुदुर्गातले चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत आहे. येथे एक काळजी घ्यावी लागते: मूळ मजकूर मुक्त झाला तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, चित्रे आणि टिपा मुक्त झालेल्या नसतात, म्हणून नव्या छापील आवृत्तीची पाने स्कॅन करून वाटू नयेत.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आसपास असते. दोनशे जणांच्या एका गटात फाईल पडली की त्या आवृत्तीचा मोठा हिस्सा एका संध्याकाळी बुडू शकतो, आणि तोटा सोसणारा प्रकाशक त्या लेखकाचे पुढचे पुस्तक काढताना दहा वेळा विचार करतो. छापील प्रत दहा घरांत फिरवणे आणि फाईल दोनशे फोनांत टाकणे यांत हा फरक आहे: पहिल्यात प्रत एकच राहते, दुसऱ्यात दोनशे नव्या प्रती तयार होतात. गटात पुस्तक सुचवायचे असेल तर मुखपृष्ठाचे छायाचित्र, प्रकाशकाचे नाव आणि स्वतःच्या शब्दांत चार ओळी पाठवाव्यात.

सहावी पायरी: छापील पुस्तके फिरवण्याची व्यवस्था लावा

सार्वजनिक वाचनालयाची परंपरा कोकणात जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे आहे. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात शासनमान्य वाचनालय असेल तर आधी तेथे वर्गणी भरावी. कादंबरी विकत घेण्यापूर्वी ती तेथे आहे का हे पाहिल्याने वर्षाकाठी बरेच पैसे वाचतात, आणि नियमित सभासद असणे वाचनालयाच्याही फायद्याचे असते.

वाचनालय लांब असेल तर पाच-सहा घरांनी आपापली देवघेव सुरू करावी. त्यासाठी दोनशे पानी वही पुरते. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव, मालकाचे नाव आणि घेतानाची अवस्था लिहावी, म्हणजे ‘पाठीवर ओल’, ‘पान ११२ सुटे’ असे. उजव्या पानावर नेणाऱ्याचे नाव आणि दोन तारखा. अवस्था लिहिण्याची ही सवय फार महत्त्वाची आहे, कारण मैत्रीत कटुता येते ती पुस्तक हरवल्यामुळे कमी आणि ‘ते आधीपासूनच फाटलेले होते’ या वादामुळे जास्त. पहिल्या पानावर पेन्सिलने मालकाचे नाव आणि वाडी लिहावी. मुदत महिन्याची ठेवावी. भातलावणीच्या आणि आंब्याच्या दिवसांत ती दुप्पट करावी, कारण त्या काळात कोणाला वाचायला सवड नसते.

दिवाळी अंक या देवघेवीला सर्वांत योग्य. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे अंक घरोघर फिरत आले आहेत. सहा घरांनी सहा वेगवेगळे अंक घ्यावेत, वसुबारसेपूर्वी कोणी कोणता घ्यायचा हे ठरवावे आणि दर पंधरा दिवसांनी अंक पुढच्या घरी सरकवावा. फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक घराचे सहाही अंक वाचून होतात.

मुंबईतून गावी पुस्तके पाठवण्यासाठी येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी हा मार्ग उत्तमच, पण टपालही वापरावे. जुनी सवलतीची नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. त्यात ३०० ग्रॅमपासून ५ किलोपर्यंतची पुस्तके २० ते १०० रुपये अधिक कर एवढ्या दरात जातात आणि पाकीट कुठे पोहोचले ते पाहता येते. पावसाळ्यात पुस्तके आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मग कागदात गुंडाळावीत.

सातवी पायरी: पावसापूर्वी आणि पावसात

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी धरते. पुस्तकांचे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मागे चार बोटे जागा सोडावी, म्हणजे वारा खेळतो आणि वाळवीची माती चढली तर लगेच दिसते. खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर उंच असावा. पुस्तके खच्चून भरू नयेत. डांबराच्या गोळ्या कसर आणि झुरळे दूर ठेवतात, ओल शोषत नाहीत. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून गरम करून सुकवून घ्याव्यात. चार महिने प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवलेली पुस्तके आतल्या आत दमट होतात. पोथ्या सुती कापडाच्या बासनात बांधण्याची जुनी पद्धत या हवेला अधिक मानवते. दसऱ्यानंतर ऊन पडले की सगळी पुस्तके पडवीत सावलीला काढून, पाने फडफडवून, कपाट कोरडे पुसून मगच परत लावावीत.

पुस्तक भिजलेच तर

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत चिपळूणमधल्या असंख्य घरांची पुस्तके पाण्याखाली गेली. भिजलेल्या पुस्तकावर दोन-तीन दिवसांत बुरशी येऊ लागते, त्यामुळे पहिले दोन दिवस निर्णायक असतात.

पुस्तक चिखलाने माखले असेल तर ते मिटूनच घट्ट धरावे आणि स्वच्छ पाण्याखाली हलके धुवावे. पाने चोळू नयेत. नंतर ते जाड कापडावर उभे ठेवून पाणी निथळू द्यावे. चिंब अवस्थेत पाने सोडवायला जाऊ नये, कारण ओला कागद बोटाला येतो. निथळल्यावर दर दहा-पंधरा पानांनंतर कोरा टिपकागद किंवा टिश्यू घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. ताज्या वर्तमानपत्राची शाई पानावर उतरते, म्हणून ते वापरू नये. पंखा चालू असावा, पण झोत थेट पुस्तकावर नको. उन्हात ठेवल्यास पाने आकसतात आणि बांधणी वाकते. गुळगुळीत कागदाच्या चित्रमय पुस्तकांची पाने सुकताना एकमेकांना चिकटतात. ती ओली असतानाच पानांमध्ये बटर पेपर सरकवावा. पुस्तक जवळजवळ सुकले की दोन फळ्यांमध्ये ठेवून वर वजन द्यावे.

एकाच वेळी खूप पुस्तके भिजली आणि वीज असली, तर निवडक पुस्तके वेगवेगळ्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही आणि एकेक काढून सावकाश सुकवायला वेळ मिळतो. बुरशी आलेले पुस्तक घरात झटकू नये. ते बाहेर नेऊन, तोंडाला कापड बांधून, पूर्ण सुकल्यावर मऊ कुंचल्याने साफ करावे.

आठवी पायरी: पुढच्या हाती देण्याची तयारी

ई-पुस्तकांच्या खात्याचा ई-मेल, पासवर्ड आणि ओटीपी कोणत्या फोनवर येतो, हे घरातल्या एका माणसाला लिहून द्यावे. कुलुपाविना असलेल्या फाईल लेखकाच्या नावाने फोल्डर करून एका पेनड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन साठ्यात ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. छापील पुस्तके वाचनालयाला द्यायची असतील तर गठ्ठे थेट दारात नेऊ नयेत. नाव, लेखक, आवृत्तीचे वर्ष आणि अवस्था अशी यादी ग्रंथपालांना आधी द्यावी, त्यांनी निवडलेलीच पुस्तके सुकवून, पुसून पोहोचवावीत, आणि त्यांना नको असलेली पुस्तके पाच-सहा घरांच्या देवघेवीच्या वहीत चढवावीत.